डॉ. लागू ‘बेचाळिसाव्या वर्षी’ नट झाले नव्हते : एक खुलासा

डॉ. श्रीराम लागू यांनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरकी सोडली, तोवर त्यांनी तोंडाला कधी रंगही लावला नव्हता, असा प्रेरणादायी मजकूर सध्या फिरतो आहे. त्यातला महत्त्वाचा भाग चुकीचा आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या डॉक्टरांनी 1969 साली, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला हे खरे; परंतु अभिनयाची सुरुवात पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतानाच झाली होती आणि पुढे भालबा केळकरांसारख्या सहकाऱ्यांसोबत ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’च्या हौशी रंगभूमीवर त्यांनी अनेक वर्षे काम केले. दिवसा रुग्णाच्या घशात आरशाने डोकावायचे आणि संध्याकाळी तालमीत स्वतःचा आवाज घासूनपुसून घ्यायचा, अशी ती वर्षे होती. मध्यंतरी टांझानियातही त्यांनी शस्त्रक्रिया केल्या.

म्हणूनच 1970 मध्ये रंगमंचावर आलेला ‘नटसम्राट’मधला अप्पासाहेब बेलवलकर हा नवशिक्याचा चमत्कार नव्हता. त्या भूमिकेमागे दीर्घ तालीम होती, आणि ती पुसून टाकणे हा त्यांच्या कष्टांवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. ‘पिंजरा’ आला तो त्यानंतर, 1972 साली.