रजेत ती 'नुसती बसून' नव्हती, साहेब

दुपारच्या मीटिंगपासून डोक्यात तिडीक गेली आहे आणि ती लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही. लांबलचक होणार आहे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

आमच्या टीममधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. हुशार आहे, मनमिळाऊ आहे, मला फार आवडते. साहेबांनी तिचं स्वागत केलं, इथवर छान. मग म्हणाले, "हिने रजेत नुसतं बसून न राहता एक सर्टिफिकेशन पूर्ण केलं. आयुष्यात एवढा मोठा बदल होत असतानाही माणूस किती प्रॉडक्टिव्ह राहू शकतो, बघा." लगेच स्क्रीनवर टाळ्या, अंगठे, बदाम, सगळं उडायला लागलं.

बाळंतीण नुसती बसलेली असते ही माहिती मला नवीन होती.

त्याच स्क्रीनच्या एका चौकोनात आमचा आणखी एक सहकारी होता. वडील गेल्यावर नुकताच कामावर आलाय. त्याचं एक प्रेझेंटेशन रखडलंय, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच उरली नव्हती. तो मान खाली घालून काहीतरी टाइप करत राहिला, आणि थोड्या वेळाने त्याचा कॅमेरा बंद झाला.

त्या मुलीवर माझा काडीचाही राग नाही. तिला जमलं, तिने केलं, तिचं अभिनंदन. माझा राग आहे तो 'एवढ्या बदलातही बघा कशी' या वाक्यावर. हे वाक्य मी घरात वर्षभर ऐकलंय, आणि ते ज्याच्याबद्दल म्हटलं जायचं तो माझा सख्खा दादा होता.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला ते वर्ष. मी नुकतीच जुनं क्षेत्र सोडून नव्या कामाला लागले होते. भाड्याचं घर सोडलं आणि सामानासकट आईबाबांकडे आले. दादा-वहिनी तिथेच राहायचे. त्या वर्षी दादाने त्याच्या ऑफिसची एक अवघड परीक्षा दिली, चांगल्या मार्कांनी पास झाला, बढती मिळाली. येणारा प्रत्येक नातेवाईक बाबांच्या खाटेशी दोन मिनिटं उभा राहायचा आणि मग बाहेरच्या खोलीत बसून म्हणायचा, "बाप अंथरुणाला खिळलेला असताना पोराने करून दाखवलं हो!"

दाखवलं खरं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसा ते वहिनी आणि आई करायच्या, रात्री मी. झटक्यानंतर बाबांना नीट गिळता येत नव्हतं. साधं पाणी श्वासनलिकेत जायची भीती असते, म्हणून त्यात पावडर घालून ते दाटसर करायचं, बाबांना टेकवून ताठ बसवायचं, हनुवटी जराशी खाली घ्यायला लावायची आणि चमच्या-चमच्याने भरवायचं. एक चमचा, मग थांबायचं, गिळलंय का बघायचं, मग पुढचा. एक वाटी पाणी पाजायला अर्धा-पाऊण तास सहज जायचा. शेजारच्या खोलीचं दार बंद असायचं, कारण आत अभ्यास चालू होता. आवाज करायचा नाही.

आणि वहिनी संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घ्यायची, त्या तिने त्या वर्षी बंद केल्या. कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस मुलं यायची थांबली, एवढंच. बाहेरच्या खोलीत त्यावर कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

तर सांगायचं हे की बदलाच्या काळात एखाद्याचं काम बिनबोभाट चालू राहिलेलं दिसलं की मला आधी त्याच्या मागचं माणूस दिसतं. आई असेल, बायको असेल, नवरा असेल, पगारी बाई असेल. कुणीतरी त्याच्या वाटणीचं ओझं उचललेलं असतं. मग आपण त्याच्या शिस्तीचं कौतुक करतो, त्याची दिनचर्या विचारतो, पहाटे किती वाजता उठतोस म्हणून चौकशी करतो!

पहाटेवरून आठवलं. आज मीटिंग संपली न संपली तोच ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडलं. मोठ्या बदलातून जाताना संतुलन कसं राखावं. पहाटे उठा, व्यायाम करा, रोजनिशी लिहा, २१ दिवस नेटाने करा, सवय लागेल. हे २१ दिवसांचं भूत कुठून आलं माहितीये? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहून ठेवलं होतं की माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. लोकांनी 'कमीत कमी' गाळलं, चेहरा गाळला आणि आकडा तेवढा धरून ठेवला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये खरोखर मोजलं, तर जेवणाबरोबर पाणी पिण्यासारख्या साध्या सवयींना सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ च्या घरात. आणि मधे एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही, हेही त्यातच निघालं. हे वाक्य मात्र कुठल्याच फॉरवर्डमध्ये सापडत नाही, कारण ते वाचून लोक निवांत होतील ना.

बरं, त्या अभ्यासातली माणसं बहुधा आपापल्या घरात, आपापल्या पलंगावर झोपत होती. ज्याचं घरच बदललंय, झोपेचे तुकडे झालेत, त्याने २१ दिवसांची सवय कुठल्या खुंटीला टांगायची?

आता तणावाच्या त्या प्रसिद्ध तक्त्याचं. होम्स आणि राहे या दोघांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, लग्न ५०, निवृत्ती ४५. सुट्टीवर जाण्यालासुद्धा १३! मला तो तक्ता एका बाबतीत आवडतो. चांगला बदलही माणसाला थकवतो, हे त्यात मान्य केलंय. लग्न झालं, बाळ झालं, मोठं पद मिळालं आणि तरी रडू येतंय, तर त्यात कृतघ्नपणा काही नाही. पण एकदा गंमत म्हणून मी त्या वर्षाची माझी बेरीज केली. घरच्यांची तब्येत बिघडणं ४४, कामाचं क्षेत्र बदलणं ३६, राहणीमानात बदल २५, घर बदलणं २०, झोपेत बदल १६. झाले १४१. दीडशेच्या आत असाल तर फारशी काळजी नाही म्हणे! म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने मी ठणठणीत होते. बाथरूमचा नळ सोडून आत उभी राहायचे ते बहुधा हौसेने.

चला, थोडं पाणी पिऊन आले. राग जरा उतरलाय.

एक गोष्ट कबूल करायला हवी, मन मारून का होईना. काम हा काही जणांना खरंच आधार असतो. मलाही होता. सकाळी लॅपटॉप उघडला की तासभर समोर फक्त रकाने असायचे. बेरीज जुळायची किंवा नाही जुळायची, पण नाही जुळली तर चूक सापडायची. घरात तेव्हा कशाचीच चूक सापडत नव्हती. स्ट्रोबं आणि शूट या दोन नेदरलँड्सच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल मांडलं होतं की माणूस एका जागी बसून दुःख करत नाही. तो दुःखाकडे जातो, तिथून बाजूला होतो, बिल भरतो, एखादं नवीन काम शिकतो, पुन्हा दुःखाकडे येतो, आणि हे येणं-जाणं हाच बरं होण्याचा रस्ता आहे. हे मला मनापासून पटतं. म्हणून त्या मुलीने रात्री बाळ झोपल्यावर कोर्सचा एखादा व्हिडिओ पाहिला असेल आणि त्यात तिला तासभर आपण जुन्याच आहोत असं वाटलं असेल, तर फार बरं वाटतं मला. पण तो तिचा विसावा होता. साहेबांनी त्याचं उद्दिष्ट करून आम्हा सगळ्यांच्या समोर टांगलं.

माझं काम त्या वर्षी कसं टिकलं ते सांगते. माझ्या हुशारीने टिकलं नाही. एक वरिष्ठ होत्या, फार बोलायच्या नाहीत. बाबांना घरी आणल्यावर मी पहिल्यांदा ऑफिसला गेले, तेव्हा त्यांनी माझी कामांची यादी मागितली, पेन काढलं आणि माझ्यासमोर त्यातल्या दोन ओळींवर काट मारली. "महिन्याचा अहवाल मी करते. प्रशिक्षणाचं पुढच्या वर्षी बघू. तू फक्त बिलं सांभाळ." बस. 'काही लागलं तर सांग हं' वगैरे काही नाही. ते वाक्य मला त्या काळात शंभर जणांनी ऐकवलं असेल. त्याचा अर्थ असा की काय लागतंय ते तूच शोध, कोणाला सांगायचं ते तूच ठरव, मग ओशाळं होऊन फोनही तूच कर. आधीच कामाने मोडलेल्या माणसाला आणखी एक काम! त्यापेक्षा आमच्या शेजारच्या एक मावशी दर गुरुवारी दुपारी यायच्या, बाबांना पेपर वाचून दाखवायच्या आणि वहिनीला म्हणायच्या, "जा, झोप." वहिनी तशीच्या तशी आडवी व्हायची. चादर अंगावर घ्यायचंही त्राण नसायचं तिला.

तुमच्यापैकी आत्ता जे अशा फेऱ्यात असतील, त्यांना माझा एकच आगाऊ सल्ला. यादीवर काट मारणारं कोणी नसेल तर स्वतः मारा, आणि चारचौघांत सांगून मारा. मनातल्या मनात सोडलेली कामं सुटत नाहीत, ती रात्री तीन वाजता उशाशी येऊन बसतात. 'हे मी जूनपर्यंत करणार नाही' असं एका मेलमध्ये लिहून पाठवलं की डोकं त्याला शांत सोडतं, निदान माझं तरी सोडायचं. आणि एक काहीतरी बारीकसं रोजचं जपा. मी रात्रीची शेवटची कूस बदलून झाली की गॅलरीत दहा मिनिटं उभी राहायचे. ना ध्यान, ना प्राणायाम, ना रोजनिशी. नुसती उभी. बाकी व्यायाम, वाचन, मैत्रिणी, सगळं वर्षभर बंद होतं आणि त्यानंतर हळूहळू परत आलं. काही परत आलं नाही. रोजच्या रोज तराजू समान ठेवा म्हणणाऱ्यांनी एकदा दोन तासांचा गजर लावून महिनाभर झोपून दाखवावं.

दादाबद्दल फार कडू लिहिलं का? तो हे वाचणारच आहे. तर वाच रे. हॉस्पिटलातल्या सगळ्या रात्री तू काढल्यास, बाकड्यावर, हे मी विसरलेले नाही. बढतीचे पैसे आले म्हणून फिजिओथेरपी वर्षभर चालली आणि बाबा काठी घेऊन का होईना उभे राहिले, हेही मान्य. घरात एकाचं तरी गाडं पुढे जाणं गरजेचं होतं, ते तुझं गेलं. तुला मिळालं त्याचं मला वाईट वाटत नाही. पण पेढ्यांच्या त्या संध्याकाळी तू म्हणालास, "मनात आणलं की होतं." वहिनी तेव्हा आत बाबांना पाणी पाजत होती. एक चमचा, थांबायचं, पुढचा चमचा. तिच्या मनात काय होतं ते तिला आजवर कोणी विचारलेलं नाही. शिकवण्या परत सुरू झाल्या नाहीत. मुलं दुसरीकडे जायला लागली होती.

आणि साहेबांनो, तुम्हालाही एक. तुम्ही वाईट माणूस नाही, हे मला माहीत आहे. कौतुकच करायचं होतं तुम्हाला. मग उद्या त्या मुलाला फोन करा आणि त्याचं प्रेझेंटेशन दुसऱ्या कोणालातरी द्या. मला द्या, मी करते. खरंच करते, हे जोशात लिहिलेलं नाही. आणि त्या मुलीला निदान महिनाभर तरी 'आता रिफ्रेश होऊन आलीस' म्हणू नका. ती झोपलेली नाही.

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच की 'पण माझ्या ओळखीत एकजण आहे, त्याने घटस्फोट, बदली आणि आईचं आजारपण एकाच वेळी सांभाळून पीएचडी केली.' जरूर लिहा. फक्त त्याच्या आईला त्या काळात रात्री औषध कोण देत होतं, तेवढं त्याला विचारून मग लिहा.