वॉचमनमामाचं ठरलं म्हणे

“नातवंडं खेळवायच्या वयात कसलं लगीन?” मामाचं एका विधवा बाईशी ठरलंय कळताच साहेबांनी तोंड उघडलं. बँकेतनं रिटायर झाले, पण समोर येईल तो अर्ज नामंजूर करायची सवय काय गेली नाही.

रिक्षावाला म्हणाला, “मामा ॲडमिट झाला तवा फॉर्मवर माझं नाव लिवलं. नातं काय लिवायचं म्हणून नर्सबाई थांबलेल्या. मी कोण त्याचा? कधीमधी स्टँडवर सोडतो, एवढंच.”

“पोरं काय म्हणतील पण?”

“काय म्हणत्यात ते कळायला पोरांचा फोन यायला नको?”

मास्तरांना राहवलं नाही. शाहू महाराजांनी १९१७ सालीच विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, इथपासून सुरू. हे भाषण आम्ही दर २६ जूनला ऐकतो. मग शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, ग्रामपंचायतीचा २०२२ चा ठराव, नवरा गेला म्हणून बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही...

“झॅक झालं,” रिक्षावाला म्हणाला. “पण ती बाई रातच्याला कुणासंगं जेवणार, ते कुठल्या ठरावात हाय?”

मास्तर गप्प. हे दुर्मिळ.

मग साहेबांनी ठेवणीतला पत्ता काढला. तिचा नवरा कारखान्यात होता. त्याच्या मागं तिला पीएफची हजार रुपये पेन्शन. दुसरं लग्न केलं की ती बंद! हे सांगताना साहेबांचा चेहरा असा फुलला, जणू नियम त्यांनीच केलाय.

“मग लगीन न करताच ऱ्हावं की,” पैलवान म्हणाला.

“आणि गल्ली?”

“गल्लीनं म्हैन्याला हजार चालू करावं,” रिक्षावाला म्हणाला, “मग बोलावं.”

यावर साहेबांकडं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी पैलवानाला धरलं, “तू कुणासाठी थांबलाईस रं?” पैलवान म्हणाला, वैनी माहेरी गेल्या तवा मिसळीवर दिवस काढून वजन कुणाचं उतरलं होतं? साहेब लालबुंद.

“लग्नात तांबडा-पांढरा असला तर विरोध करत करत दोन वाट्या जास्तच वढशीला, साहेब.”

“पण मामा पाटाकडीलचा,” मास्तरांना एकदम आठवलं, “आणि ती घरनं दिलबहारची!” म्हणजे मामा फुटबॉलच्या एका तालमीचा, बाई दुसऱ्या.

“आयला! मग न्हाई टिकत मर्दा.” यावर मात्र साहेबांसकट सगळ्यांचं एकमत झालं. तेवढ्यात कुणीतरी शाहू स्टेडियमवरची ती जुनी पेनल्टी काढली, आणि ऑफसाइड होता की नव्हता यावर पैलवान आणि मास्तर एकमेकांच्या अंगावर धावले. मामा राहिला बाजूला.