अकरा महिन्यांचं घर आणि महाधनेश

येत्या ३० तारखेला आमच्या भाडेकराराचे अकरा महिने भरतात. परवा एजंटचा फोन आला. "मॅडम, रिन्यू करायचं असेल तर दहा टक्के वाढ आणि एका महिन्याचं ब्रोकरेज. नाहीतर मालकांकडे दुसरी पार्टी तयार आहे." फोन ठेवल्यावर मनात भाड्याचा विचार आला नाही, दारामागच्या खडूच्या रेघा आल्या. रविवारी म्युझियमला जाऊन आलो की माझी लेक तिथे एक रेघ ओढते. काल मोजल्या, ३१ आहेत.

आमचं घर फोर्टात आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून चालत सहा मिनिटांवर. तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही, जागा ३१० चौरस फूट. भाडं ४६ हजार, डिपॉझिट दोन लाख. डोंबिवलीत आम्ही याच्या निम्म्याहून कमी भाड्यात दोन खोल्यांत राहत होतो, त्यामुळे घरच्यांनी आम्हाला वेड्यातच काढलं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, म्युझियम काय रोज बघायचं असतं का?"

हो ताई, असतं. रोज नाही तर आठवड्याला एकदा तरी बघायचंच असतं. हे मी या अकरा महिन्यांत शिकले. शाळेच्या सहलीत चाळीस मुलं एका काचेसमोर क्षणभर थांबतात, मागून बाई "पुढे सरका" म्हणतात, आणि मुलांना लक्षात राहतो तो बसमधला खाऊ. मीही तशीच एकदा आले होते आणि मला घुमटाखेरीज काही आठवत नव्हतं.

लेक पहिले पाच-सहा रविवार फक्त काचेतल्या, पेंढा भरलेल्या वाघासमोर उभी राहिली. मग गवा. मग रोहित पक्षी. पुढे पावसाळ्यातल्या एका रविवारी, गर्दी नव्हती तेव्हा, ती महाधनेश पक्ष्यासमोर थांबली. "आई, याच्या चोचीवर अजून एक चोच का आहे?" मला उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन दोघींनी या पक्ष्याबद्दल शोधून वाचलं. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा नि फळांच्या चोथ्याने दार आतून लिंपून घेते. फक्त एक चीर ठेवते. आत अंडी उबवण्यात आणि पिल्लं वाढवण्यात तिचे काही महिने जातात आणि तेवढे दिवस नर त्या चिरेतून तिला उंबरासारखी फळं भरवत राहतो. ढोली चांगली असली तर जोडी पुढच्या वर्षीही तिथेच येते. त्यानंतरच्या रविवारी लेक वही घेऊन गेली आणि काचेसमोर फरशीवर मांडी घालून बसली. चोचीचा पिवळा रंग तिला जमत नव्हता. चार रविवार तिने तोच पक्षी काढला. चौथ्या चित्रात डोळ्याभोवतीच्या पापण्यासुद्धा आल्या. त्या पक्ष्याला पापण्या असतात हे मला तिच्या वहीतून कळलं.

एकाच गोष्टीकडे चार वेळा परत जाता येणं, यासाठी आम्ही ४६ हजार मोजतो. मला ते जास्त वाटत नाहीत.

आणि जागा तरी कसली! संग्रहालयाचा पाया १९०५ साली घातला, इमारत १९१४ मध्ये उभी राहिली. मग महायुद्ध आलं आणि तिथे लष्करी रुग्णालय झालं, लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ मध्ये. प्राण्यापक्ष्यांचं दालन उभं राहिलं ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहावर. ही संस्था आठ मुंबईकरांनी १८८३ साली सुरू केली. आज तिचं कार्यालय तिथून जवळच, लायन गेटसमोर आहे, आणि इमारतीचं नावच हॉर्नबिल हाउस, म्हणजे धनेशाचं घर. सोसायटीच्या जुन्या जागेत विल्यम नावाचा एक महाधनेश पंचवीसेक वर्षं पाळलेला होता, त्याचीच ही आठवण. पक्षीतज्ज्ञ सालीम अली १९२६ मध्ये संग्रहालयाच्या याच दालनात गाइड-लेक्चरर म्हणून लागले, आलेल्या लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगायचं काम. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "ते पण इथे रोज यायचे?"

आता मूळ मुद्दा. अकरा महिने.

इथे घर शोधताना जे ऐकलं ते थोडक्यात सांगते. "नॉनव्हेज करता का?" दोन ठिकाणी या एका प्रश्नावर बोलणं संपलं, आणि ससून डॉकचा मासळी बाजार इथून फार लांब नाही! एक जागा पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाडेकरूने घेतलेली निघाली. तिथला भाडेकरूच आम्हाला ठेवून घेणार होता. घरमालकाच्या परवानगीशिवाय पागडीवाल्याला पोटभाडेकरू ठेवता येत नाही, तेव्हा जुन्या इमारतीत पहिला प्रश्न "मालक कोण?" हाच विचारा. दुसरा प्रश्न इमारतीच्या तब्येतीचा. पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी जाहीर करते, ती बघा. टेकू लावलेल्या जिन्याखालून मुलांना नेऊ नका.

आमचे मालक वयस्कर आहेत, माणूस वाईट नाही. त्यांची भीती मला कळते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं आणि ते तिथेच गोठलं. त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर महिना काहीशे रुपये भाडं देणारी कुटुंबं आहेत. त्या पैशात छप्पर गळायचं थांबत नाही. एकदा माणूस आत आला की बाहेर निघत नाही, हे त्यांनी वडिलांच्या काळापासून पाहिलंय. म्हणून अकरा महिने.

पण काका, ती भीती लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे आपल्यासारख्या ठरावीक मुदतीच्या कराराला, लागूच होत नाही हो! अकरा महिन्यांची सवय पडली ती करार नोंदवायला लागू नये म्हणून. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार असा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की साठ. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. मुदत संपून कोणी हललं नाही तर कलम २४ आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि राहिलेल्या दिवसांचं दुप्पट शुल्क लागतं. हे संरक्षण ३६ महिन्यांच्या करारालाही तेवढंच मिळतं.

खर्चाचं म्हणाल तर मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचं भाडं अधिक डिपॉझिटवर धरलेलं दहा टक्के व्याज, यावर ०.२५ टक्के. भाडं आहे तेवढंच धरलं तर ३६ महिन्यांचे साधारण ४,३०० रुपये, वर नोंदणीचे १,०००. अकरा-अकराचे तीन करार केले तर दर वेळी दोन हजार तीनशेच्या आसपास, म्हणजे ६,९०० रुपये, आणि भरतात फक्त ३३ महिने. शिवाय तीनदा ब्रोकरेज, तीनदा पोलीस व्हेरिफिकेशन. यात मालकाला काय मिळतं? भाडेवाढ हवी तर ती करारातच लिहा, वर्षाला पाच टक्के, मी आनंदाने देईन.

भाड्याने राहणारं माणूस शेजारी होतं ते वेळ मिळाला तर. आम्हाला आत्ता कुठे बेस्टच्या वीजबिलावरून भांडण मिटवून देणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या आजी सापडल्यात. संग्रहालयाच्या आवारातली गोरखचिंच कधी पानं गाळते हे लेकीला अजून एकदा बघायचंय.

उद्या संध्याकाळी मालकांना भेटायला जातेय. एजंटला न घेता. ३६ महिन्यांचा मसुदा छापून ठेवलाय, कलमं पिवळ्या पेनाने अधोरेखित केलीत. फोर्ट, कुलाबा, गिरगाव या भागात कोणी अकरापेक्षा जास्त महिन्यांचा करार करून घेतला असेल तर मालकाला कसं पटवलंत ते मला आज रात्रीपर्यंत कळवा. एक जरी उदाहरण हाताशी असलं तरी उद्या बोलायला बळ येईल.