वूफर ठणठणीत, तरी म्हणे भंगारात द्या

साउंडबारचा, म्हणजे टीव्हीसमोरच्या त्या लांबट स्पीकरचा, मेनबोर्ड गेला याचा राग नाही. इलेक्ट्रॉनिक्स आहे, जातं कधीतरी. संताप याचा आहे की सोबतचा वूफर, तो बासचा डबा, ठणठणीत आहे, मागचे दोन्ही स्पीकर ठणठणीत आहेत, आणि कंपनी सांगते सगळा सेट भंगारात काढा. का काढायचा? फुकट दिला होता का?

आणि ही काही गल्लीबोळातली कंपनी नाही. घरोघरी टीव्ही-फ्रिजवर जिचं नाव दिसतं अशी नावाजलेली, जुनी कंपनी. आपण चार पैसे जास्त मोजतो ते याच भरवशावर, की उद्या काही झालं तर पार्ट मिळेल, सर्व्हिस मिळेल. वॉरंटी संपून फार काळ लोटला नाही, तोवर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकायला मिळालं, "सर, हे मॉडेल डिस्कंटिन्यू झालंय. बोर्ड येत नाही. एक्सचेंज ऑफर आहे, नवीन बारवर डिस्काउंट करून देतो."

म्हटलं, ठीक आहे, जॉबशीटवर लिहून द्या की पार्ट उपलब्ध नाही. तर नाही! त्यांनी लिहिलं, "कस्टमरने रिपेअर नाकारलं." मी नाकारलं? मी तिथे पैसे घेऊन उभा होतो! व्हिजिट चार्ज आधीच कापून घेतला होता. काउंटरवरच्या पोराला बोलून उपयोग नाही, त्याच्या कॉम्प्युटरवर दुसरा पर्यायच नव्हता म्हणे. म्हणजे कंपनीने फॉर्मच असा बनवलाय की पार्ट नसल्याचं खापर आपोआप गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फुटावं.

आता त्या वूफरची मागची बाजू बघा. पॉवर कॉर्डचं सॉकेट, पेअरिंगचं, म्हणजे बारशी वायरलेस जोडायचं, एक बारकं बटण आणि एक लाल दिवा. संपलं. आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, स्वतःचा पॉवर सप्लाय आहे, स्पीकरचा चांगला दणकट कोन आहे. पण आवाज आत जायला एक भोक नाही! एक साधा आरसीए जॅक, ते लाल-पांढऱ्या पिनांचं नेहमीचं सॉकेट, दिला असता तर हाच वूफर कुठल्याही अ‍ॅम्प्लिफायरला जोडून पुढची दहा वर्षं वाजला असता. आरसीए जॅक १९३० च्या दशकापासून चालत आलाय, काही रुपयांत मिळतो. तो यांना परवडत नाही? परवडतो. द्यायचा नाहीये, कारण वूफर त्या एकाच मॉडेलच्या बारशी बांधून ठेवायचाय. त्याच कंपनीच्या नव्या बारशीसुद्धा तो पेअर होत नाही. बार मेला की लाल दिवा लुकलुकत बसतो आणि आतला अ‍ॅम्प्लिफायर तोंड उघडत नाही.

मागच्या स्पीकरची तीच गत. ३ ओहमचे, पिन कंपनीच्या खास आकाराची. बाजारातल्या बहुतेक रिसीव्हरवर, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या डब्यावर, ६ ते ८ ओहम लिहिलेलं असतं, त्याला हे कमी ओहमचे, जास्त करंट ओढणारे स्पीकर जोडायचे म्हणजे रिसीव्हर तापवून घालवायचा. वडिलांच्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे लाल-काळ्या क्लिपा होत्या. वायर सोलायची, दाबून बसवायची, कुठल्याही कंपनीचा स्पीकर चालायचा.

बार पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नेऊन दाखवला. तिथल्या माणसाने मन लावून बघितला आणि म्हणाला, "साहेब, मेन आयसी गेलाय. आयसी शोधून देईन, पण त्यातलं फर्मवेअर, म्हणजे कंपनीने आत भरलेला प्रोग्रॅम, कुठून आणू? सर्किट डायग्रॅमसुद्धा देत नाहीत हे लोक." ज्याच्या हातात कसब आहे, त्याचेही हात बांधून ठेवलेत.

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर' पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण पोर्टलवर कस्टमर केअरचा नंबर बघून माझा बोर्ड येणार आहे का? युरोपात टीव्हीचे ठरावीक सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही किमान ७ वर्षं पुरवायचं बंधन २०२१ पासून आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, कंपनीने आपल्या मालाचा कचरा रिसायकल करवून घ्यायचा, त्याची टार्गेटं ठरलेली. अहो, पण ज्याचा कचरा झालेलाच नाही त्याचा कचरा करू नका, हे यांना कोण सांगणार? चालू स्थितीतला वूफर फोडून त्यातलं तांबं काढायचं आणि त्याला पर्यावरण म्हणायचं?

खोक्यावर वॅटचे आकडे हे एवढे मोठे छापता ना? त्याच्या शेजारी छापा, या मॉडेलचा बोर्ड अमुक सालापर्यंत मिळेल. वूफरला एक लाइन-इन, बाहेरून आवाज घ्यायचं भोक, द्या. फर्मवेअर आणि डायग्रॅम रिपेअरवाल्यांना द्या. यात रॉकेट सोडायचं नाहीये.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे, त्या खोट्या जॉबशीटच्या फोटोसकट. एक्सचेंजचे मेसेज अजून येतायत. वूफर मी देणार नाही, आणि या कंपनीचा दुसरा बार माझ्या घरात येणार नाही.