कारखाना, कलादालन आणि कोकणचा सडा

कोकणात रिफायनरीचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'कारखाना आला नाही तर पोरे मुंबईला जाणारच' हे एक, आणि 'आम्हाला कारखाना नको, पर्यटन द्या' हे दुसरे. २०१९ मध्ये नाणार इथल्या नियोजित रिफायनरीच्या भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली तेव्हाही हीच वाक्ये होती. एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी बारसूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, पोलीस बंदोबस्तात माती परीक्षण सुरू झाले तेव्हाही तीच होती, आणि आज कोबे शहरातल्या माझ्या घरातून राजापूर तालुक्यातल्या नातेवाइकांशी फोनवर बोलतानाही मला तीच ऐकू येतात. आई गावाहून आमच्याकडे राहायला आली असताना आम्ही सारे कुटुंब जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातल्या नाओशिमा आणि तेशिमा या बेटांवर जाऊन आलो. कारखाना आणि पर्यटन यांना एकमेकांचे वैरी मानून वाद घालण्यात आपण खरा प्रश्न हातचा घालवतो, असे माझे मत त्या प्रवासात पक्के झाले.

नाओशिमाची ख्याती 'कलेचे बेट' अशी आहे. कलावंत यायोई कुसामा यांचे धक्क्यावरचे पिवळ्या भोपळ्याचे शिल्प जगभरच्या छायाचित्रांत दिसते. या बेटाच्या उत्तर टोकाला १९१७ पासून मित्सुबिशीचा तांबे शुद्धीकरणाचा कारखाना आहे आणि तो आजही चालू आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याच्या धुराने आसपासच्या डोंगरांवरची झाडे एकेकाळी करपून गेली होती. बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम आठ चौरस किलोमीटर असून एवढ्याशा जागेत उत्तरेला भट्टी आणि दक्षिणेला कलादालने अशी विभागणी झालेली आहे. उनो बंदरातून निघालेल्या बोटीतून आईला प्रथम दिसली ती कारखान्याकडची बाजू. "इथे आपण चित्रे पाहायला आलो आहोत ना?" असे तिने विचारले, आणि तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

दक्षिणेकडचे काम घाईने झालेले नाही. ओकायामातील एका प्रकाशन संस्थेचे संस्थापक तेत्सुहिको फुकुताके आणि नाओशिमाचे तेव्हाचे महापौर चिकात्सुगु मियाके यांची १९८५ मध्ये भेट झाली आणि बेटाच्या दक्षिण भागाचा मुलांसाठी व संस्कृतीसाठी विकास करावा असे ठरले. फुकुताके पुढच्याच वर्षी वारले. त्यांचे पुत्र सोइचिरो यांनी ते काम पुढे नेले आणि वास्तुशिल्पी तादाओ आंदो त्यात आले. १९८९ मध्ये मुलांसाठी शिबिराची जागा, १९९२ मध्ये संग्रहालय आणि निवास एकत्र असलेली इमारत, २००४ मध्ये चिचू कला संग्रहालय, अशी ही उभारणी दशकांच्या गतीने होत गेली. चिचू जवळजवळ सगळेच जमिनीखाली आहे, कारण टेकडीची रेषा बिघडू द्यायची नव्हती. आत क्लोद मोने यांची कमळांची पाच चित्रे केवळ वरून झिरपणाऱ्या नैसर्गिक उजेडात पाहायची असतात. त्यामुळे ढग आला की चित्र बदलते. आमची मुलगी तिथे एका बाकावर इतका वेळ बसून राहिली की तिला उठवणे मला जिवावर आले.

तरीही माझे मन अधिक रमले ते होनमुरा या जुन्या वस्तीत. तिथली ओस पडलेली घरे १९९८ पासून एकेका कलावंताच्या हाती सोपवण्यात आली. त्यांतले पहिले घर 'कादोया', सुमारे दोनशे वर्षांचे. आत काळोख्या खोलीत उथळ पाणी भरलेले आहे आणि पाण्याखाली १२५ अंक वेगवेगळ्या गतीने लुकलुकत असतात. ही कलाकृती करणारे तात्सुओ मियाजिमा यांनी प्रत्येक अंकाची गती बेटावरच्या एकेका रहिवाशाला ठरवायला दिली होती. लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत माणसे त्यात होती, आणि ती त्या कलाकृतीची केवळ प्रेक्षक राहिली नाहीत.

हे पाहताना कोकणातली कुलूपबंद घरे आठवणे अपरिहार्य होते. गणपतीत पंधरा दिवस उघडणारी, बाकी वर्षभर वाळवीच्या ताब्यात असलेली ती घरे. त्यांचे काय करावे यावर आपल्याकडे कळकळीची भाषणे होतात, पण सातबाऱ्यावरची वीस नावे आणि त्यांतली निम्मी माणसे मुंबई-पुण्यात, हा पेच कोणी हाती घेत नाही. जपानमध्येही हा पेच आहे. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली आणि एप्रिल २०२४ पासून वारसाने आलेल्या जमीन-घराची नोंद तीन वर्षांच्या आत करणे कायद्याने बंधनकारक झाले. पर्यटन धोरणाच्या पुस्तिकेपेक्षा असा एखादा रुक्ष कायदा कोकणातली घरे अधिक वाचवील, असे मला वाटते.

तेशिमाची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते कोकणाने आधी तीच ऐकावी. या बेटावर एका उद्योजकाने १९७० च्या दशकात कचरा प्रक्रियेचा परवाना मागितला, गावकऱ्यांनी विरोध केला, तरी निरुपद्रवी गाळावर गांडुळे वाढवण्याच्या नावाखाली परवाना दिला गेला. त्या आडून मोडीत काढलेल्या गाड्यांचा भुगा, टाकाऊ तेल आणि विषारी गाळ वर्षानुवर्षे आणून टाकला गेला, जाळला गेला. लोक तक्रार करत राहिले आणि कागावा प्रांताचे प्रशासन सारे नियमानुसार असल्याचे सांगत राहिले. अखेर नोव्हेंबर १९९० मध्ये शेजारच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी छापा घातला तेव्हा हा प्रकार थांबला. त्यानंतर गावकरी, त्यांतले कितीतरी वयोवृद्ध, महिनोन्‌महिने प्रांताच्या कार्यालयासमोर उभे राहिले. ६ जून २००० रोजी समझोता झाला आणि त्या दिवशी राज्यपालांनी बेटावर येऊन जाहीर माफी मागितली. सुमारे ९ लाख टन कचरा आणि दूषित माती बोटीने हलवण्याचे काम २००३ मध्ये सुरू होऊन २०१७ मध्ये संपले. तो कचरा वितळवण्याची भट्टी उभी राहिली ती नाओशिमावर, त्याच तांब्याच्या कारखान्याच्या आवारात. कलेच्या बेटाने शेजारचे विष आपल्या अंगणात घेतले आणि कारखान्यामुळेच ते शक्य झाले.

बारसूच्या चर्चेत हा प्रश्न मला कुठेच ठळकपणे दिसत नाही. उद्या काही बिघडले तर साफ कोण करणार, किती वर्षांत करणार, कोणाच्या पैशाने करणार आणि ते करून घेण्याचा अधिकार ग्रामसभेकडे राहणार की नाही? रोजगाराचे आकडे सभेत सांगितले जातात, पण या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत नाहीत. तेशिमाच्या लोकांनाही ती आधी मिळाली नव्हती. ती मिळवण्यात त्यांची एक पिढी खर्ची पडली.

याच बेटावर २०१० मध्ये तेशिमा कला संग्रहालय उघडले. र्यूए निशिझावा यांनी बांधलेला, खांब नसलेला पांढरा घुमट, त्याला आकाशाकडे उघडणारी दोन मोठी छिद्रे आणि आत रेई नाइतो यांची एकच कलाकृती. जमिनीतून पाण्याचे थेंब उमटतात, घरंगळतात, एकमेकांत मिसळतात. आमचा धाकटा, जो कुठेही दोन मिनिटे स्वस्थ बसत नाही, तो जमिनीवर पालथा पडून एका थेंबाच्या मागे डोळे लावून होता. बाहेर पडीक झालेली भाताची पायऱ्यांची शेते त्या काळात पुन्हा कसायला घेतली गेली, हे मला त्या घुमटाइतकेच मोलाचे वाटते. आईला तर ती शेते पाहून बोलायला विषय मिळाला. बांध कसा घातला आहे, पाणी कुठून वळवले आहे, हे ती मला समजावून सांगत होती.

दुपारी आम्ही 'शिमा किचन'मध्ये जेवलो. तेही २०१० मध्ये एका रिकाम्या घरात सुरू झाले. टोकियोच्या एका हॉटेलातल्या स्वयंपाक्यांनी बेटावरच्या बायकांबरोबर बसून तिथल्या मासळीचे आणि भाज्यांचे पदार्थ बसवले आणि त्या बायकाच आजही रांधतात व वाढतात. मासा, भात, भाजी, सार, इतकेच ताट. मासा ताजा होता आणि त्याची चव मसाल्याखाली दडपलेली नव्हती. आईने "तिरफळ हवे होते" एवढीच सूचना केली आणि ताट स्वच्छ केले. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी हॉटेलांत पाहुण्याला पनीर आणि नूडल्स मिळतात, पण बांगड्याचे तिखले, कुळथाची पिठी किंवा घावणे मागितले तर आदल्या दिवशी सांगायला हवे होते असे उत्तर येते. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर होऊन पाव शतक उलटले, तरी गावातल्या रांधणाऱ्या बाईला त्या पर्यटनात मुख्यतः भांडी घासण्याचीच जागा मिळावी, याचे मला मनापासून दुःख होते.

कलेने सगळे साधले असे मी म्हणणार नाही. नाओशिमाची लोकसंख्या एकेकाळी सात हजारांच्या वर होती, आता ती तीन हजारांच्या आसपास आहे. सेतोउची कला महोत्सव २०१० पासून दर तीन वर्षांनी भरतो. २०१९ मध्ये त्याच्या स्थळांना सुमारे ११ लाख ८० हजार भेटी नोंदल्या गेल्या, आणि अशा गर्दीचा भार छोट्या बोटी आणि म्हातारी गावे कशी पेलतात हा प्रश्न उरतोच. उलट जवळच्या ओगिजिमा बेटावर महोत्सवानंतर काही कुटुंबे मुलांसह परतली आणि बंद पडलेली शाळा २०१४ मध्ये पुन्हा उघडली, हेही खरे आहे. शिवाय नाओशिमामागे एका श्रीमंत उद्योगसमूहाचा पैसा चाळीस वर्षे उभा आहे. तसा दाता कोकणाला मिळेल या भरवशावर बसता येणार नाही.

पण कोकणाला कलाकृती बाहेरून आणण्याची गरजही नाही. बारसू, देवीहसोळ, कशेळी, उक्षी इथल्या जांभ्याच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. २०२२ मध्ये ही शिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि बारसूचे नाव त्या यादीतही आहे नि रिफायनरीच्या वादातही. उक्षीत गावकऱ्यांच्या सहभागाने शिल्पाला संरक्षण मिळाले. तसे काम प्रत्येक सड्यावर व्हावे, वाटाड्या गावचा असावा, तिकिटाचा पैसा ग्रामपंचायतीत जमा व्हावा आणि पाहुण्याचे जेवण गावातल्या चुलीवर शिजावे. यासाठी रिफायनरीचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही. कातळशिल्पांच्या गावांना या पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेतही हा ठराव घेता येईल.