पहिल्या गोळ्यालाच हात वर?

इटलीच्या रणगाड्याला पुढे जायचा एक गिअर आणि मागे जायचे चार, हा विनोद जुनाच. हल्ली तो शेपूट लावून फिरतो: दुसऱ्या महायुद्धात इटलीचा तोफखाना भंगार होता, तोफा डागणारे गोलंदाज पहिल्या गोळ्यालाच हात वर करायचे आणि आफ्रिकेत लढले ते फक्त जर्मन.

भंगार? निम्मे खरे. ७५/२७ (तोंड ७५ मिलिमीटरचे) ही मैदानी तोफ १९०६ सालच्या जर्मन क्रुप कंपनीच्या बनावटीची, गोळा जेमतेम साडेसहा किलोचा. समोरच्या ब्रिटिश तोफेचा गोळा २५ पौंडांचा, म्हणजे सव्वाअकरा किलो. पण ९०/५३ ही विमानविरोधी तोफ जर्मनांच्या ८८ मिलिमीटरवालीच्या पंगतीत बसणारी होती. ती पुरेशा संख्येने निघाली नाही, यात गोलंदाजाचा काय दोष?

हात वर करण्याचे म्हणाल, तर ९ डिसेंबर १९४० चे निबेइवा बघा, इजिप्तमधली इटालियन छावणी. चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या हल्ल्यात ब्रिटिशांचे माटिल्डा रणगाडे पुढे होते, चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत जाड. गोळे त्यावरून टणाटण उडत होते. तरी रणगाडे अंगावर येईपर्यंत तोफा चालूच राहिल्या, आणि हे ब्रिटिशांनीच लिहून ठेवले आहे. छावणीचा सेनापती जनरल मालेत्ती तिथेच पडला. पुढच्या दोन महिन्यांत सुमारे १,३०,००० इटालियन कैदी झाले, तेही खरेच. पण त्याच सुमारास एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत इटालियन फौज फेब्रुवारीपासून २७ मार्च १९४१ पर्यंत चिवटपणे अडून बसली होती. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्री लढली आणि 'केरेन' हा रणसन्मान तिच्या नावावर आहे. पळपुट्यांशी लढून कुणी रणसन्मान देत नाही.

'फक्त जर्मन' हा दावा तर १९ नोव्हेंबर १९४१ लाच संपतो. लिबियात बीर एल गुबीला एरिएते ही इटलीची रणगाडा डिव्हिजन होती. तिचा तोफखाना म्हणजे १३२वी रेजिमेंट. ब्रिटिशांची २२वी आर्मर्ड ब्रिगेड नवे कोरे क्रुसेडर रणगाडे घेऊन, पुरेशी पायदळाची नि तोफांची साथ नसताना, थेट चालून आली. समोर खंदकांत बेर्सालिएरी म्हणजे इटलीचे चपळ पायदळ, मागे रेजिमेंटच्या तोफा आणि ट्रकवर चढवलेल्या १०२ मिलिमीटरच्या आरमारी तोफा. (जहाजावरची तोफ ट्रकवर! जुगाड आपलीच मक्तेदारी नाही.) दोन्हीकडचे डझनावारी रणगाडे गेले, पण संध्याकाळी बीर एल गुबी एरिएतेच्याच ताब्यात होते. त्या दिवशी तिथे जर्मन नव्हते.

ही डिव्हिजन संपली ४ नोव्हेंबर १९४२ ला, इजिप्तमधल्या एल अलामीनजवळ, वेढ्यात लढता लढता. १३२वी रेजिमेंट पुढे पुन्हा उभी राहिली. आज ती ईशान्य इटलीत मानियागोला आहे.