ऑइल कोणते, हे ठरेपर्यंत

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला पेट्रोल परवडते, आरटीओचा हरित कर परवडतो, पण इंजिनात ऑइल कोणते घालावे याविषयीचे मार्गदर्शन परवडत नाही, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. माझ्याकडे 1998 सालची, कार्ब्युरेटर असलेली मारुती 800 आहे आणि दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीच्या परीक्षेला बसून ती रीतसर उत्तीर्ण होते. हे मॉडेल 1983 च्या अखेरीपासून 2014 पर्यंत निघत होते. त्यामुळे ही गाडी कधीच चालवली नाही, ढकलली नाही किंवा नातेवाइकाला विकली नाही असा चाळिशीपुढचा माणूस पुण्यात सापडणे अवघड आहे, आणि या तिन्ही वर्गांतील माणसे स्वतःला तिच्या इंजिनाचे जाणकार समजतात.

प्रकरण उद्भवले ते पार्किंगमधील डागावरून. सोसायटीने नुकतेच पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते आणि त्यांवर माझ्या गाडीखाली एक काळे वर्तुळ दिवसेंदिवस मोठे होत होते. सचिवांनी त्याबद्दल मला लेखी पत्र दिले. पत्र आले ही बातमी पत्राच्या आधी पसरली असावी, कारण मी ते वाचून पूर्ण करण्यापूर्वीच वरच्या मजल्यावरील काका चष्मा लावून खाली आले होते.

काका निवृत्त अभियंते आहेत. त्यांनी बोनेट उघडावयास लावले, ऑइलची पट्टी काढून नाकाशी नेली आणि सांगितले, ‘‘फुल सिंथेटिक घाला. पाच-तीस. इंजिनाची झीज होते ती सुरू करताना, आणि पातळ ऑइल लवकर वर पोहोचतं.’’ दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्रींनी तीच पट्टी बोटाने पुसून नेमके उलट निदान केले. ‘‘साहेब, पातळ आहे म्हणून तर गळतंय. वीस-पन्नास टाकू. जाड ऑइल जागा सोडत नाही.’’ संध्याकाळी मेहुण्याचा दूरध्वनी आला. ‘‘दाजी, काही करा पण सिंथेटिक घालू नका. ते आतला मळ धुऊन काढतं, आणि जुन्या गाडीत गळती थांबवून धरतो तो मळच.’’

काकांचे ‘पाच-तीस’ डब्यावर 5डब्ल्यू-30 असे लिहिलेले असते आणि मिस्त्रींचे ‘वीस-पन्नास’ 20डब्ल्यू-50 असे. शास्त्र पाहू गेल्यास यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत कसे वागेल हे सांगतो आणि नंतरचा आकडा 100 अंश सेल्सिअसला ते किती दाट राहील हे सांगतो. थंडीत इंजिन फिरवता येईल की नाही याची चाचणी 20डब्ल्यू ऑइलला उणे 15 अंशांवर द्यावी लागते आणि 5डब्ल्यूला उणे 30 अंशांवर. पुण्यात पारा आठ अंशांवर उतरला की वर्तमानपत्रे पहिल्या पानावर शेकोटीचे छायाचित्र छापतात. तेव्हा उणे 30 अंशांत गाडी सुरू करण्याची वेळ माझ्यावर यावयाची तर मला लडाखलाच बिऱ्हाड हलवावे लागेल. काकांचे म्हणणे तत्त्वतः खोटे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु मिस्त्रींचा युक्तिवादही झिजलेल्या इंजिनाच्या बाबतीत अगदीच टाकाऊ नव्हता. दाते आणि टिळक पंचांगांचे अभिमानी एका छताखाली राहू लागले तर अधिक महिन्यात त्या घराची जी अवस्था होईल, ती माझ्या बोनेटखाली झाली होती.

शेवटी मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून मूळ पुस्तिका काढली. तिच्यात तापमानाचा तक्ता होता आणि प्रत्येक ग्रेडसमोर एक आडवी पट्टी होती. पुण्याच्या हवामानाची उभी रेघ मनातल्या मनात ओढून पाहिली, तर ती एक सोडून अनेक पट्ट्यांना छेदून गेली. 15डब्ल्यू-40 चालत होते, 20डब्ल्यू-40 चालत होते आणि मिस्त्रींचे 20डब्ल्यू-50 देखील चालत होते. निवाडा मागावयास जावे आणि न्यायाधीशाने सर्व पक्षकारांना विजयी घोषित करावे, त्यातला हा प्रकार. मी मधला मार्ग म्हणून 15डब्ल्यू-40 ठरवले. या निर्णयावर तिन्ही तज्ज्ञ सारख्याच प्रमाणात नाराज झाले, म्हणजे तो योग्य असावा.

ऑइल ठरल्यावर फिल्टर आला. नाना पेठेतील एका दुकानात मी ऑइल फिल्टर मागितला, तेव्हा दुकानदाराने ‘‘कार्ब्युरेटर की एमपीएफआय?’’ (म्हणजे जुने इंजिन की नंतरचे, पेट्रोल फवारणारे) असे विचारून तीन डबे समोर ठेवले. एक कंपनीचा होता, दुसरा कंपनीला माल पुरवणाऱ्या कंपनीचा आणि तिसरा, त्याच्याच शब्दांत, ‘‘चांगला चालणारा’’. बाहेरून तिघेही रंगवलेले पत्र्याचे डबेच. खरा फरक आत असतो. कागदाच्या घड्या किती आहेत, गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू न देणारा रबरी पडदा नीट आहे का, आणि कागद तुंबल्यास ऑइलला वाट करून देणारी झडप योग्य दाबाला उघडते का, यावर सर्व अवलंबून असते. काकांनी हे मला पढवून पाठवले असल्यामुळे मी फिल्टरच्या भोकातून आत डोकावू लागलो. दुकानदार थोडा वेळ शांत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘काका, फिल्टर घ्यायचाय की तपासणी करायचीय?’’ मी कंपनीचा घेतला. पेट्रोलच्या फिल्टरबाबत ही पंचाईत नव्हती, कारण तो पारदर्शक असतो आणि आतला कचरा गिऱ्हाइकाला उघड दिसतो. एअर फिल्टर मात्र मिस्त्रींनी आणू दिला नाही. ‘‘हवा मारून देतो की,’’ असे ते दरवेळी म्हणतात, आणि इतकी वर्षे हवा खाऊन तो फिल्टर आता केवळ भिडेपोटी टिकून आहे, असा माझा समज आहे.

मग दुरुस्ती. इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले, डाग तसाच. चेंबरचे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचे, पॅकिंग बदलले. डाग थोडा सरकला, एवढेच. त्यानंतर क्रँकचे ऑइल सील बदलले आणि त्यासाठी टायमिंग बेल्ट उघडावाच लागतो म्हणून बेल्टही नवा घातला. बिलाची लांबी वाढत होती आणि वर्तुळाचा व्यास कमी होत नव्हता. सचिवांचे दुसरे पत्र आले. त्यात ‘स्मरणपत्र’ हा शब्द अधोरेखित केला होता.

उलगडा केला तो गॅरेजमधील पोऱ्याने. एअर फिल्टरला नेहमीप्रमाणे हवा मारण्यासाठी डबा उघडताना त्याने ब्रीदरची नळी काढली आणि तिच्यातून फुंकून पाहिले, तर फुंकर पलीकडे जाईना. वर्षानुवर्षांचा काळा गाळ आत बसला होता. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतच असतो आणि तो या नळीवाटे बाहेर पडणे अपेक्षित असते. वाट बंद झाली की आतला दाब वाढतो आणि मग नवे पॅकिंग असो वा जुने, जिथे फट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलले जाते. नळी पेट्रोलने धुतली, मार्ग मोकळा केला, आणि गळती थांबली. बिलात या कामापुढे मिस्त्रींनी काहीही लिहिले नाही.

काकांच्या मते माझे ऑइल निदान बाजारातल्या नव्या दर्जाचे असल्यामुळे फरक पडला. मिस्त्रींच्या मते पॅकिंग ‘बसायला’ वेळ लागतो, तो आता मिळाला. मेहुण्याने सिंथेटिक टाळल्याचे श्रेय घेतले. पोऱ्याला कोणी विचारले नाही; तो तोवर दुसऱ्या गाडीखाली गेला होता.

राहिले ते काढलेले सुमारे तीन लिटर जळके ऑइल. ते गटारात ओतू नये, कारण कायद्याने तो घातक कचरा आहे आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेला पाहिजे, हे मी मिस्त्रींना बजावून सांगत होतो. पण त्याला आधीच मागणी आली होती. मेहुण्याला गावच्या घराच्या वाशांना वाळवीसाठी ते हवे होते, आणि सोसायटीच्या करकरणाऱ्या फाटकासाठी थोडे ठेवा, असा निरोप खुद्द सचिवांनी पाठवला होता. दोघांपैकी कोणीही ग्रेड विचारली नाही.